कुमार फुटबॉल : चषकानंतर पुढे काय?

९ मे २०२५ रोजी भारत आणि पाकिस्तान ह्यांच्या सीमेवर ड्रोन आणि तोफांचा मारा चालू होता. त्या दिवशी आय.पी.एल.चे सामने एका आठवड्यासाठी स्थगित झाल्याचे जाहीर झाले आणि ती बातमी साहजिकच सर्वतोमुखी झाली. परंतु त्याच दिवशी, देशाच्या दुसऱ्या टोकाला, अरुणाचल प्रदेशातील युपिया येथे दक्षिण आशियातील सहा देशांच्या एकोणीस वर्षांखालील मुलांची फुटबॉल स्पर्धा ठरल्या वेळी सुरू झाली, ह्याची दखल फारशी कोणी घेतली नाही. बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका आणि मालदीव येथून मुले आली, खेळली, आणि १८ मे रोजी अंतिम सामना होऊन परतलीही. पाकिस्तानचा संघ ह्या स्पर्धेत नव्हता. अंतिम सामन्यात भारत आणि बांगलादेश १-१ असे बरोबरीत राहिले व भारताने पेनल्टींवर ४-३ अशी सरशी केली. ऑगस्ट २०२४ पासून ढाका आणि दिल्ली ह्यांच्यात किती गारठा आला होता हे आठवले, म्हणजे तो सामना झाला ही गोष्टच तो कोणी जिंकला ह्यापेक्षा मोठी ठरते.

क्रीडापृष्ठाच्या कोपऱ्यातला हा विषय अग्रलेखाच्या पानावर का आणला, असे कोणी विचारील. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. फुटबॉलचा जाणकार नव्हे. परंतु दक्षिण आशियातील विशीच्या आतबाहेरच्या तरुणांचे काय होते, हा प्रश्न मात्र आमच्या धंद्यातला आहे, आणि ही स्पर्धा त्या प्रश्नाचा एक लहानसा पण स्वच्छ आरसा आहे.

दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघ १९९७ साली स्थापन झाला. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका, भूतान आणि मालदीव हे त्याचे आजचे सात सदस्य. अफगाणिस्तान २००५ मध्ये आत आला आणि २०१५ मध्ये मध्य आशियाच्या गटात निघून गेला. कुमारांच्या वरच्या गटाची स्पर्धा २०१५ पासून भरते. पहिली आणि दुसरी नेपाळने जिंकली. २०१९, २०२२, २०२३ आणि २०२५ ह्या चार भारताने. २०२४ ची बांगलादेशाने. वयाची अट मात्र कधी अठरा, कधी एकोणीस, कधी वीस अशी सरकत राहिली आहे. बहुधा आशियाई पात्रता फेरीच्या सोयीने ती सरकवली जात असावी. पण ज्या स्पर्धेचे मोजमापच दरवर्षी बदलते तिच्या निकालांची तुलना करताना आम्हा आकडेशास्त्र शिकवणाऱ्यांची पंचाईत होते. धाकट्या, म्हणजे साधारणतः सतरा वर्षांखालील गटात तर भारताने सात विजेतेपदे पटकावली आहेत.

आता ह्या स्पर्धेच्या शेजारी 'सार्क' ही संस्था ठेवून पाहावी. तिची शेवटची शिखर परिषद नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडू येथे झाली. २०१६ ची इस्लामाबाद परिषद होऊ शकली नाही आणि त्यानंतर राष्ट्रप्रमुख एका टेबलाभोवती बसलेच नाहीत. दक्षिण आशियाई देशांचा आपसांतील व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम पाच टक्के भरतो. शेजाऱ्याशी इतका अबोला धरणारा दुसरा प्रदेश जगाच्या नकाशावर शोधून सापडणे कठीण. माल सीमेवर अडतो, माणसे व्हिसाच्या रांगेत अडतात, आणि तरीही ही मुले मात्र दरवर्षी ये-जा करीत राहतात. सप्टेंबर २०२२ मध्ये धाकट्या गटाची स्पर्धा कोलंबोला झाली, तेव्हा जनक्षोभामुळे राष्ट्राध्यक्षांना देशाबाहेर पळावे लागून दोनच महिने झाले होते. २८ ऑगस्ट २०२४ रोजी बांगलादेशाच्या मुलांनी नेपाळच्या भूमीवर नेपाळला ४-१ असे हरवून चषक उचलला, तेव्हा ढाक्यातील सत्तांतराला चार आठवडेही उलटले नव्हते. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत तरुणांच्या उठावाने सरकार पडले आणि त्यानंतर काही दिवसांतच नेपाळची सतरा वर्षांखालील मुले कोलंबोत मैदानावर उतरली.

तीन राजधान्या, तीन वर्षे, आणि रस्त्यावर उतरलेला वयोगट जवळपास तोच. ढाक्यातील आंदोलनाची ठिणगी सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागांच्या प्रश्नावरून पडली होती. काठमांडूत समाजमाध्यमांवरील बंदी हे निमित्त झाले. निमित्ते वेगळी, पण मागचे दुखणे एकच : शिक्षण संपते, काम मिळत नाही. लोकसंख्येच्या लाभांशाविषयी आम्ही वर्गात फार उत्साहाने बोलतो. लाभांश हा भांडवल गुंतवल्यावर मिळतो, नुसते भांडवल असल्याने नव्हे, हे सांगायला मात्र तास पुरत नाही.

त्याच कोलंबोतील स्पर्धेत भारत आणि पाकिस्तान एकाच गटात होते. द्विपक्षीय सामने नाहीत, बहुराष्ट्रीय स्पर्धेत मात्र खेळू, असे धोरण भारत सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले होते. त्यानुसार हा सामना झाला व भारताने तो ३-२ असा जिंकला. त्याच महिन्यात दुबईत क्रिकेटच्या आशिया चषकात हस्तांदोलनावरून जे रामायण घडले त्याने वृत्तपत्रांचे रकाने भरले. मुलांच्या सामन्याकडे कोणाचे लक्ष नव्हते, आणि माझ्या मते हे त्या सामन्याचे भाग्यच होते. ज्या खेळात पैसा आणि प्रतिष्ठा कमी, तेथे राजकारणालाही थोडी सवड कमी मिळते.

अर्थात दुर्लक्ष हे नेहमीच वरदान नसते. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी ढाक्यात मुलींच्या एकोणीस वर्षांखालील स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जे घडले ते वाचकांपैकी काहींना आठवत असेल. भारत आणि बांगलादेश १-१ असे बरोबरीत राहिले. पेनल्टी सुरू झाल्या. दोन्ही संघांच्या अकराच्या अकरा मुलींनी, गोलरक्षकांसकट, चेंडू जाळ्यात मारला. अकरा-अकरा! असा प्रसंग खेळाडूंच्या आयुष्यात क्वचित येतो. अशा वेळी पेनल्टींची फेरी पुढे चालू ठेवावयाची, हा नियम स्पष्ट आहे. पण सामन्याच्या आयुक्तांनी नाणेफेक करविली. नाणे भारताच्या बाजूने पडले, भारताच्या मुली नाचू लागल्या, बांगलादेशाच्या मुलींनी मैदान सोडण्यास नकार दिला, प्रेक्षकांतून बाटल्या पडू लागल्या. मग आयुक्तांनी आपला निर्णय मागे घेतला, तोवर भारताचा संघ मैदानातून निघून गेला होता. बराच वेळ खल होऊन दोन्ही संघांना संयुक्त विजेते ठरविण्यात आले.

हा केवळ एका अधिकाऱ्याचा प्रमाद म्हणून सोडून देण्याचा मामला नाही. बावीस मुली बावीस वेळा चुकल्या नाहीत. ज्यांनी नियमाचे पुस्तक हाती धरले होते ते चुकले. आपल्या उपखंडात गुण कमी आहेत असे नव्हे, गुणांना धरून ठेवणारी व्यवस्था कच्ची आहे, ह्याचे इतके नेमके उदाहरण मला अर्थशास्त्राच्या ग्रंथांतही सापडले नाही. आणि हा कच्चेपणा वरपासून आहे. पाकिस्तानची संघटना फिफाने २०१७, २०२१ आणि २०२५ अशी तीनदा निलंबित केली. श्रीलंकेची २०२३ मध्ये. आपण नाके मुरडू नयेत, कारण ऑगस्ट २०२२ मध्ये भारतीय महासंघालाही अकरा दिवस हा प्रसाद मिळाला होता.

मूळ आर्थिक प्रश्नाकडे वळतो. न्यायमूर्ती रानडे ह्यांनी १८९२ मध्ये पुण्यास डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले, त्यात त्यांनी खुल्या व्यापाराचा इंग्रजी सिद्धान्त सर्व देशांना सरसकट लावता येणार नाही असे बजावले होते. जर्मन अर्थशास्त्रज्ञ फ्रेडरिक लिस्ट ह्याचा विचार त्यामागे होता : जो उद्योग बाल्यावस्थेत आहे त्याला काही काळ कुंपण हवे. प्रादेशिक कुमार स्पर्धा हे असेच एक कुंपण होय. जपान, कोरिया, इराण ह्यांच्याशी पहिल्याच दिवशी गाठ पडली तर भूतानचा पंधरा वर्षांचा मुलगा खेळच सोडून देईल; आधी शेजाऱ्यांशी खेळू द्या, अंगात बळ येऊ द्या, हा तर्क योग्यच आहे. भूतानला आणि मालदीवला ह्या स्पर्धेचा लाभ झाला आहे ह्यात शंका नाही.

पण रानड्यांपासून आजपर्यंतच्या प्रत्येक संरक्षणवाद्याला ज्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले तो येथेही उभा राहतो. हे बालक मोठे केव्हा होणार? भारताने २०१९ मध्ये कल्याणी येथे धाकट्या गटाच्या अंतिम सामन्यात नेपाळला ७-० असे हरविले. भुवनेश्वरला ऑगस्ट २०२२ मध्ये वरच्या गटात बांगलादेशाला ५-२ असे हरविले. त्यांपैकी चार गोल एकाच मुलाचे. परंतु त्याच वर्षी आशियाई पात्रता फेरीत तोच वयोगट इराक आणि ऑस्ट्रेलिया ह्यांच्याकडून हरला. १९७४ मध्ये बँकॉकला इराणबरोबर आशियाई युवक अजिंक्यपदाचा संयुक्त मानकरी ठरलेला भारत २००६ नंतर त्या स्पर्धेच्या मुख्य फेरीतही पोहोचलेला नाही, आणि २००६ मध्येही आपण यजमान होतो. कुंपणाच्या आत सिंह, बाहेर मात्र शेळी, हे चित्र किती काळ चालणार?

तथापि येथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे, कारण 'आपल्या रक्तातच फुटबॉल नाही' असा सोपा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. सोळा-सतराव्या वर्षापर्यंत भारतीय मुलगा आशियातील कोणापेक्षा फारसा कमी नसतो. २०१८ मध्ये मलेशियात गोव्याचे प्रशिक्षक बिबियानो फर्नांडिस ह्यांच्या हाताखालील मुलांनी इराणला गोलशून्य बरोबरीत रोखले, उपान्त्यपूर्व फेरी गाठली आणि दक्षिण कोरियाकडून केवळ एका गोलाने हार खाल्ली. त्या संपूर्ण स्पर्धेत त्यांच्यावर झालेला तो एकमेव गोल. ३० नोव्हेंबर २०२५ रोजी अहमदाबादेत ह्याच प्रशिक्षकांच्या नव्या चमूने इराणला २-१ असे हरवून २०२६ च्या आशियाई स्पर्धेत प्रवेश मिळविला. आणि त्याच्या बाराच दिवस आधी, १८ नोव्हेंबरला, आपला प्रौढ संघ ढाक्यात बांगलादेशाकडून २००३ नंतर प्रथमच हरला होता. त्याआधी ऑक्टोबरात मडगावच्या मैदानावर सिंगापूरकडून १-२ असा हरून आशिया चषकाच्या शर्यतीतून बाहेर पडला होता. एकाच देशाचे हे दोन संघ! मधल्या पाच-सहा वर्षांत कोठेतरी माल गळतो आहे.

तो कोठे गळतो हे शोधण्यास फार संशोधन नको. सतरा ते एकवीस ह्या वयात खेळाडूला वर्षाला तीस-चाळीस चुरशीचे सामने लागतात. आपल्याकडे व्यावसायिक क्लबांना ताबडतोब विजय हवा असतो, म्हणून ते तयार खेळाडू घेतात. अठराचा मुलगा बाकावर बसून राहतो. ह्या दोषावर उपाय म्हणून महासंघाने २०१० मध्ये तरुणांचाच एक संघ बांधून त्याला राष्ट्रीय लीगमध्ये उतरविले होते. 'इंडियन अ‍ॅरोज' हे त्याचे नाव. तो मध्येच मोडला, २०१७ च्या विश्वचषकानंतर पुन्हा उभा राहिला आणि २०२२ मध्ये कायमचा बंद झाला. त्याऐवजी कुमारांची वेगळी लीग मोठी करू, असे सांगण्यात आले. दरम्यान २०१० मध्ये झालेला पंधरा वर्षांचा व्यापारी करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला, आणि त्याच्या पुढची तजवीज वेळेवर न झाल्याने देशातील प्रमुख लीगचा हंगामच नेहमीच्या वेळी सुरू होऊ शकला नाही. पंधरा वर्षांनी करार संपणार हे पंधरा वर्षांपासून माहीत होते.

पैसा नाही, हे उत्तर अर्धेच खरे. फिफा २०२३ ते २०२६ ह्या चार वर्षांसाठी प्रत्येक सदस्य संघटनेस ऐंशी लाख डॉलरपर्यंत विकासनिधी देते, मग देश लहान असो वा मोठा. भूतानची लोकसंख्या आठ लाखांच्या आत. म्हणजे तेथे माणशी सुमारे दहा डॉलर पडले. भारतात माणशी अर्धा सेंट, म्हणजे जेमतेम पन्नास पैसे. लहान देशांना तारणारे हे सूत्र मला न्याय्य वाटते. पण त्यातून एक गोष्ट निघते : भारताला हा खेळ आंतरराष्ट्रीय अनुदानावर वाढविता येणार नाही, तो स्वतःच्या शाळा-कॉलेजांतून आणि स्थानिक क्लबांतूनच वाढवावा लागेल.

बांगलादेशाच्या मुलींचे उदाहरण ह्या बाबतीत बोलके आहे. मैमनसिंह जिल्ह्यात, मेघालयाच्या सीमेलगत, कलसिंदूर नावाचे खेडे आहे. तेथील सरकारी प्राथमिक शाळेतील मुली शालेय स्पर्धेत जिंकू लागल्या आणि पाहता पाहता त्या एका खेड्यातून देशाच्या कुमारी संघांना खेळाडूंची रसद मिळू लागली. ह्या पिढीने २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये काठमांडूत प्रौढ गटाचे दक्षिण आशियाई विजेतेपद मिळविले. २०२५ मध्ये म्यानमारला हरवून ह्याच संघाने आशिया चषकात प्रथमच प्रवेश मिळविला. म्हणजे कुंपणाच्या आतले बालक तेथे खरोखरच मोठे झाले! एक प्राथमिक शाळा, एक सातत्याने भरणारी स्पर्धा, आणि निवडलेल्या मुलींना वर्षानुवर्षे एकत्र ठेवून दिलेले शिक्षण, एवढ्यावर हे झाले. त्या देशात मुलींच्या खेळाला विरोध करणारे कमी नाहीत, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या गोष्टीचे मोल कळते.

आपल्याकडे कलसिंदूरच्या जागी मणिपूर आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये थिंफूला धाकट्या गटाचा चषक जिंकणाऱ्या भारतीय संघातील तेवीस मुलांपैकी सोळा एकट्या मणिपूरची होती. त्या राज्यात ३ मे २०२३ पासून मैतेई आणि कुकी एकमेकांच्या रक्ताचे तहानलेले झाले होते, गावांच्या मधोमध बंकर उभे राहिले होते. संघात दोन्ही समाजांची मुले होती. अंतिम सामन्यात बांगलादेशावर दोन गोल झाले. एक मैतेई मुलाचा, दुसरा कुकी मुलाचा. ही मुले घरी परतली ती मात्र वेगवेगळ्या वाटांनी, कारण एकमेकांच्या मुलुखात पाऊल ठेवण्याची सोय उरली नव्हती. ह्यावर भाष्य करण्याचा मोह मी टाळतो.

वयचोरीविषयी न लिहिता हा विषय पुरा होणार नाही. मनगटाच्या क्ष-किरणावरून हाडाचे वय काढतात. सतरा वर्षांखालील आंतरराष्ट्रीय स्पर्धांत एम.आर.आय. काढतात. त्यात पकडली जातात ती मुले, पण चोरी सहसा मुलाची नसते. प्रशिक्षकाची नोकरी चषकावर अवलंबून, चषक संघटनेच्या पुढच्या निवडणुकीवर डोळा ठेवून, आणि मुलाच्या बापाला रेल्वेतली वा पोलिसांतली नोकरी दिसते. चार्ल्स गुडहार्ट ह्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये पैशाच्या पुरवठ्याविषयी एक निरीक्षण मांडले होते : जे माप धोरणाचे लक्ष्य बनते ते माप म्हणून निकामी होते. कुमारांचा चषक हे खेळाच्या वाढीचे माप होते. ते लक्ष्य झाले, आणि एकोणीस वर्षांच्या स्पर्धेत बावीस वर्षांचे दंड दिसू लागले.

महाराष्ट्राने आपल्यापुरता विचार करावयास हरकत नाही. २०१७ च्या विश्वचषकाचे काही सामने नवी मुंबईत झाले. त्यानिमित्त १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यभर दहा लाख विद्यार्थ्यांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा असा संकल्प शासनाने सोडला होता. आमच्या कॉलेजातही चेंडू आले, छायाचित्रे निघाली. ते चेंडू क्रीडाविभागाच्या कपाटात गेले ते बहुधा अजून तेथेच असावेत. ह्याउलट कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम ह्यांचा सामना असला म्हणजे संकल्पाची गरज लागत नाही. पेठेच्या पेठ तेथे लोटते. २०१७ च्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव ह्याच कोल्हापूरचा, रिक्षाचालकाचा मुलगा. मुंबईत एके काळी गिरण्या, बँका आणि रेल्वे ह्यांचे संघ होते, म्हणजे खेळणाऱ्याला हजेरीपुस्तकात नाव आणि महिन्याला पगार होता. त्या गिरण्या गेल्या. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रचा संघही २०१० मध्ये बंद झाला. त्या जागी जे आले ते मोठे चकचकीत आहे, परंतु त्यात फार थोड्यांना जागा आहे.

दोन वर्षांपूर्वी द्वितीय वर्ष वाणिज्य शाखेतील एक विद्यार्थी माझ्याकडे आला. राज्य संघाच्या निवड शिबिरासाठी त्याला पाच आठवडे जावयाचे होते, आणि पंच्याहत्तर टक्के उपस्थितीचा नियम आड येत होता. "सर, तुम्ही एक पत्र दिलंत तर होईल," तो म्हणाला. मी पत्र दिले. ते तीन टेबलांवरून फिरले आणि नियमात तशी तरतूद नसल्याचा शेरा घेऊन परत आले, तोवर शिबिराचा दुसरा आठवडा उजाडला होता. तो गेला नाही. आता तो पहाटे पाचला त्याच मैदानावर येतो. पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटर धावण्याचा सराव करतो, आणि आठच्या आधी घरी जातो, कारण नऊला स्पर्धा परीक्षेचा वर्ग असतो.